नळी जागेवर

शकुंतलाबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांचे यजमान विनायकराव म्हणायचे. ते दिवसभर बँकेतल्या एका खुर्चीवर बसणारे गृहस्थ, त्यांना ते गमतीचं वाटायचं. अतिदक्षता विभागातल्या पोरींना मात्र त्यात गंमत मुळीच दिसत नसे. आठ खाटांची लांबट खोली, एका टोकाला काचेचं दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. या दोन टोकांच्या मध्ये बाईंच्या पांढऱ्या बुटांची ये-जा सकाळी सातला सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. चादरीला सुरकुती दिसली की थांबायच्या. सलाइनचे थेंब मोजायच्या. कुणी स्टुलावर टेकलेलं दिसलं तर बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बघायच्या, आणि ते टेकलेलं माणूस आपोआप उठायचं.

सुरतेत उधन्याच्या रस्त्यावरचं ते ट्रस्टचं इस्पितळ. प्लेगचं साल उलटून दोन वर्षं झाली होती. शहर धुऊनपुसून चकचकीत केलं होतं, नाक्यानाक्यावर कचऱ्याची पिंपं आली होती, पण एप्रिलची दुपार झाली की रंगाच्या कारखान्यांचा वास बंद काचेतूनही आत यायचाच. रस्त्यापलीकडे यंत्रमागांचे गाळे होते. त्यांची धडधड खिडकीच्या काचेत सारखी बारीक थरथरत असायची. नव्या परिचारिकेचं त्यानं दोन दिवस डोकं उठायचं. तिसऱ्या दिवसापासून ती थरथर थांबली तरच तिला कळायचं.

बाईंचा खरा जीव अडकलेला असायचा नळ्यांमध्ये. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. त्याच्या नाकातून एक बारीक नळी घालून ती पोटापर्यंत न्यायची आणि तिच्यातून दूध, डाळीचं पाणी असं पातळ अन्न द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण घशाशी दोन वाटा असतात, एक पोटाची आणि एक फुप्फुसाची, आणि नळीला काही डोळे नसतात. शुद्धीतला माणूस नळी चुकली तर खोकून बेजार होतो. बेशुद्ध माणूस काहीच सांगत नाही. मिरजेला शिकत असताना एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसात पावशेर दूध गेलेलं बाईंनी पाहिलं होतं. त्याचा निळा पडत गेलेला चेहरा वीस वर्षांत त्या विसरल्या नव्हत्या.

म्हणून दर खेपेला, अन्न देण्याआधी, खात्री. सिरिंजनं दहा सीसी हवा नळीत ढकलायची आणि त्याच क्षणी बरगड्यांच्या खाली, पोटाच्या खळगीवर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. नळी पोटात असेल तर रिकाम्या घागरीत पाणी पडावं तसा गुडगुड आवाज येतो. मग सिरिंज उलटी ओढून थोडा रस बाहेर काढायचा आणि निळ्या लिटमस कागदावर टाकायचा. कागद लाल झाला तर ते पोटातलं आम्ल. दोन्ही झालं की बाई मोठ्यानं म्हणायच्या, "नळी जागेवर." हे म्हटल्याशिवाय त्यांच्या राज्यात चमचाभर पाणीसुद्धा कुणाच्या नाकातून जात नसे.

तीन नंबरच्या खाटेवर हिलाल नावाचा माणूस होता. वय पन्नाशीच्या आसपास, राहणार लिंबायत, मूळ अमळनेरकडचा, उधन्यात मागावर कामाला. सचिन गावाहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येताना पडला आणि डोक्याला मार लागला. आणला तो बेशुद्धच. श्वास स्वतःचा स्वतः घेत होता, नाडी ठीक होती, पण डोळा काही उघडत नव्हता. विभागातल्या कुणीही त्याचा आवाज एकदासुद्धा ऐकलेला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात, काचेच्या दारासमोर, त्याची बायको धुरपदाबाई बसलेली असायची. पाय पोटाशी घेऊन, पदर डोक्यावरून, नजर दारावर. योगराज नावाचा मोठा मुलगा साड्यांच्या दुकानात नोकरीला होता, तो सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन येऊन जायचा. ती मात्र उठत नसे. दर दिवशी एकदा, शकुंतलाबाई बाहेर आल्या की, ती तेच मागायची.

"बाई, माले मजार जाऊ द्या. तेसले एक हाक मारू द्या."

"पाच मिनिटं आत सोडते की रोज."

"तठे बोलू देतस नही तुम्ही."

"अहो, अतिदक्षता आहे ती. तिथं हाका मारायच्या नसतात. बाकीचे पेशंट आहेत."

"घाबरेल माणूस वाट चुकस, बाई. घरनं माणूस हाक मारी तव्हय तो परत येस." ती जमिनीकडे बघत सांगायची. "नाव लेवाऊ नही मी तेसनं. 'योगराजना बाप' म्हनीसन हाक मारस. एकच डाव."

शकुंतलाबाईंना असल्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा. त्यातून ती भाषा. विभागातले निम्मे रोगी खानदेशातले, पण बाईंनी वीस वर्षांत त्यांची अहिराणी कधी कानात शिरू दिली नव्हती. गुजराती त्या भाजीवाल्याला गप्प करण्याइतपत शिकल्या होत्या. अहिराणी म्हणजे त्यांच्या लेखी बिघडलेलं मराठी. "नीट मराठीत बोला," असं त्या नातेवाइकांना सांगायच्या आणि पुढे व्हायच्या.

हिलाल आल्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी एकच्या अन्नाच्या वेळी, ते पहिल्यांदा झालं.

बाईंनी हवा ढकलली. गुडगुड झाली. आणि त्या गुडगुडीच्या शेवटी, पाणी निथळल्यावर मागे एखादा थेंब पडावा तसा, एक शब्द पडला.

"आठ."

बाईंनी स्टेथोस्कोपच्या कांड्या कानातून काढल्या. खोलीत नेहमीचेच आवाज होते. पलीकडची परिचारिका कुणाचं तरी अंग पुसत होती, तिचं तोंड मिटलेलं होतं. बाईंनी रस काढला, कागद लाल झाला, "नळी जागेवर" म्हटलं आणि डाळीचं पाणी सावकाश सोडलं. पोटातला वायू कसलेही आवाज करतो, पंख्याच्या घरघरीतसुद्धा माणसाला नावं ऐकू येतात, हे त्या पोरींना स्वतःच शिकवायच्या.

चारच्या वेळी तो पुन्हा आला. या वेळी त्या तयार होत्या. पुरुषाचा आवाज, जाड, भरड, घसा बसलेला. "आठ..." आणि शेवट जरा लांबलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेथोस्कोप बदलला. सिरिंज बदलली. पाच नंबरच्या पारशी म्हातारीला आणि सहा नंबरच्या पोराला तोच स्टेथोस्कोप लावून बघितला. तिथं नुसती गुडगुड. तीन नंबरला परत आल्या, तर परत "आठ".

आता आठ म्हटल्यावर कुणाचंही लक्ष जाईल तिकडेच बाईंचं गेलं. आठ नंबरच्या खाटेवर बन्सीलाल नावाचे कापड बाजारातले दलाल होते. हृदयाचा झटका येऊन गेलेला, आता चांगले ठणठणीत, खिचडी स्वतःच्या हातानं खात होते आणि सोमवारी घरी जायचं म्हणून खुशीत होते. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या दर अर्ध्या तासानं त्यांचा रक्तदाब घ्यायला लागल्या. तीनदा कार्डिओग्राम काढायला लावला. जेवताना समोर उभ्या राहिल्या. बन्सीलाल दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला.

"बेन, साचुं कहो," ते हळूच म्हणाले, "मने कंई थवानुं छे?"

त्यांना काहीही होणार नव्हतं. सोमवारी ते घरी गेले, जाताना विभागाला पेढे देऊन. बाईंनी त्यांना दारापर्यंत पोहोचवलं आणि ते जिना उतरून दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिल्या. आठ नंबरची खाट रिकामी झाली, फिनेलनं पुसली गेली. त्याच दुपारी एक वाजता तीन नंबरच्या पोटातून तो आवाज पुन्हा आला. "आठ."

कोडं सुटलं ते व्हरांड्यात, आणि असं सुटलं की बाईंना स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी योगराज डबा घेऊन आला होता.

"आई, डबा कुठं ठेवू?"

"आठे ठेव," धुरपदाबाई म्हणाली आणि तिनं आपल्या शेजारच्या फरशीवर हात आपटला.

शकुंतलाबाई जाता जाता थांबल्या.

"काय म्हणालात तुम्ही? आठ काय?"

धुरपदाबाई गोंधळली. आपलं काही चुकलं असं वाटून तिनं डबा उचलून मांडीवर घेतला. योगराजच हसून म्हणाला, "आठ नाही सिस्टर, आठे. आठे म्हणजे इथं. आमच्याकडे असंच बोलतात."

"इथं," बाई म्हणाल्या.

"हां, इथं."

बाई जायला वळल्या. मग, आपण हे का विचारतोय ते स्वतःलाही न कळता, त्यांनी धुरपदाबाईला विचारलं, "यांचा आवाज कसा आहे हो? तुमच्या यजमानांचा?"

अकरा वर्षांच्या मुलीनं लाजावं तशी ती बाई लाजली. "भरडा शे. तीस वरीस मागना साचावर वरडी वरडी बोलनात ना, घसा बठी गया. फोनवर बोलनात तरी लोकेसले वाटस भांडी राहिनात."

शकुंतलाबाई आत आल्या. हात धुतले. पुन्हा धुतले.

त्यांच्यासारख्या बाईनं पुढे जे केलं ते कुणाला खरं वाटणार नाही, पण त्यांनी तो आवाज मान्य करून टाकला. कसा येतो, का येतो, याच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. आपल्या कामापुरता अर्थ त्यांनी लावला: नळी इथंच आहे, बरोबर आहे, असं रोगी स्वतः सांगतो. यापेक्षा चांगली खात्री कुठली? त्यांना त्यात थोडी मजासुद्धा वाटायला लागली. दिवसातून चार वेळा त्या स्टेथोस्कोप लावायच्या, हवा ढकलायच्या, आणि कान देऊन थांबायच्या. "आठे." मग मोठ्यानं, "नळी जागेवर." ज्या माणसाला त्यांनी कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्याचा आवाज त्यांना विनायकरावांच्या आवाजाइतका ओळखीचा झाला. सुट्टीच्या दिवशी घरी पोळ्या लाटताना एक वाजला, आणि तिकडे दुसरं कुणी ऐकत असेल या विचारानं त्यांना चैन पडेना.

दुसऱ्या कुणाला मात्र गुडगुडीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी आडून आडून विचारून पाहिलं होतं.

अकराव्या दिवशी हिलालची नळी तुंबली. सकाळी पाणी ढकललं तर जाईना. डॉ. अमित कामावर होते. सुरतेतच वाढलेला मराठी मुलगा, हात हलका, तोंडानं सदा "चालशे, चालशे". साडेबाराच्या सुमारास त्यांनी जुनी नळी काढून नवी घातली. लिटमसची बाटली शनिवारपासून रिकामी होती, मागणी लिहून गेली होती, माल आला नव्हता. त्यामुळे कानावरच भिस्त.

एक वाजता बाईंनी हवा ढकलली. गुडगुड स्वच्छ, भरदार. त्या थांबल्या.

"आठे नही."

त्यांचा हात सिरिंजवरच राहिला. त्यांनी परत हवा घातली.

"आठे नही." तोच आवाज, तोच बसलेला घसा. पण जवळून नाही. जिन्याच्या खालून कुणी बोलावं तसा.

"डाळीचं पाणी बाजूला ठेव," त्या शेजारच्या परिचारिकेला म्हणाल्या. "डॉक्टर, नळी चुकली आहे."

अमितनं येऊन स्वतः ऐकलं. "अरे सिस्टर, मला तर झकास ऐकू येतंय."

"चुकली आहे."

नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या पेल्यात धरून बघितलं. फुप्फुसात असती तर श्वासाबरोबर बुडबुडे आले असते. पाणी स्थिर होतं. रोगी खोकला नव्हता, ओठांचा रंग बदलला नव्हता. अमितनं हात पसरले. बाईंनी मान हलवली.

"एक्स-रे काढायचा."

"फिरतं मशीन दुरुस्तीला गेलंय. खाली न्यावं लागेल. डोक्याचा पेशंट आहे, हलवायचा?"

"माझ्या हातून त्याच्या फुप्फुसात अन्न जाणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. विभागात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे अमितनं पुढे वाद घातला नाही.

ट्रॉली मागवायला त्या स्वतः दाराबाहेर आल्या. धुरपदाबाई उभी होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा ती बाई आपण होऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. तिनं शकुंतलाबाईंचा दंड धरला.

"बाई, माले आते हाक मारू द्या."

"आत्ता नाही. आधी फोटो काढायचाय."

"मंग उशीर व्हई. आतेच. हात जोडस."

"धुरपदाबाई, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. बाजूला व्हा."

बाजूला झाली ती. अशी माणसं होतात बाजूला.

वॉर्डबॉय मारुती ट्रॉली घेऊन आला. हिलालला चौघांनी उचलून तिच्यावर घेतलं, ऑक्सिजनचं सिलिंडर पायाशी ठेवलं, बाई सलाइनची बाटली हातात उंच धरून बरोबर निघाल्या. दार उघडलं. ट्रॉली धुरपदाबाईच्या अगदी पुढ्यातून गेली. चाकाला तिचा पदर घासला. पण तिनं ट्रॉलीकडे पाहिलं नाही. ती मान लांब करून उघड्या दारातून आत, खोलीत बघत होती.

"अहो, हे बघा ना, तुमचे यजमान," बाईंना राहवलं नाही.

तिनं वळून पाहिलं. "हां," ती म्हणाली, परक्याला वाट द्यावी तशी मागे सरकली, आणि पुन्हा दाराकडे बघू लागली.

ओली फिल्म अमितनं खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यावरून पाणी गळून त्याच्या बाहीवर पडत होतं. नळीची पांढरी रेघ छातीच्या मधोमध सरळ खाली उतरली होती, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली जाऊन डावीकडे वळली होती आणि पोटात गुंडाळी करून थांबली होती. पुस्तकात छापावी तशी.

अमित हसला नाही. त्यानं फिल्म बाईंच्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "नळी जागेवर, सिस्टर."

बाईंनी ती फिल्म कितीतरी वेळ पाहिली. नळी जागेवर होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते तिथंच दाबून टाकलं, कारण त्याच्या पुढचा विचार करायची त्यांची तयारी नव्हती.

वर आणून अन्न द्यायच्या आधी त्यांनी पुन्हा ऐकलं. गुडगुड. मग बऱ्याच वेळानं, फार लांबून:

"नही..."

चार वाजता ऐकलं. गुडगुड.

पाच वाजता, वेळ नसताना, पुन्हा ऐकलं. गुडगुड. त्या वाकून तशाच थांबल्या, पाठीला कळ लागेपर्यंत.

गुडगुडच.

मग शकुंतलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. बाहेर जाऊन धुरपदाबाईला म्हणाल्या, "चला. हवी तेवढी मोठ्यानं हाक मारा. मी आहे."

ती आत आली. खाटेशी गेली. आजवर तिला पायांशी उभं राहायला लागायचं, आज बाईंनी तिला उशीशी नेलं. तिनं चेहऱ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ओठ हलले नाहीत.

"मारा ना."

"आते राहू द्या, बाई," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

शकुंतलाबाईंचे डोळे भरून आले. का ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी उगीचच आठही खाटांच्या चादरी ओढून सारख्या केल्या.

चौदाव्या दिवशी सकाळी दहाला हिलालनं डोळे उघडले.

एकच धांदल उडाली. अमितनं त्याला नाव विचारलं, त्यानं सांगितलं. गाव, मुलाचं नाव, लिंबायतमधली गल्ली, साल, महिना, सगळं बरोबर. हात हलव म्हटलं, हलवला. पाणी मागितलं आणि नीट गिळलं. योगराज दुकानातून धावत आला, बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडला, मग साऱ्या मजल्याला पेढे वाटत सुटला. "बाबा बोलले! बाबा बोलले!"

बोलला होता, आणि तेच बाईंना खटकत होतं. चौदा दिवस ज्याच्या घशातून नळी गेली आहे त्याचा घसा बसतो. चांगल्या गाणाऱ्याचासुद्धा बसतो. या माणसाचा आवाज मोकळा होता. गोड, नितळ, जन्मात कधी ओरडावं न लागलेल्या माणसाचा.

आता त्याला गिळता येत होतं. नळी काढायची होती. काढताना ऐकायची काहीएक गरज नव्हती. तरी बाईंनी सिरिंजमध्ये हवा घेतली.

स्टेथोस्कोप लावला. हवा ढकलली.

गुडगुड.

त्या थांबल्या.

"काय ऐकताय, बाई?"

आवाज कांड्यांतून आला नव्हता. हिलाल उशीवरून त्यांच्याकडे बघत होता. शुद्ध मराठी, अगदी बाईंना आवडावं तसं. तो हसला, आणि बाईंनी नजर खाली घालून नळी सर्रकन ओढून काढली.

दुपारी धुरपदाबाईला आत सोडलं. काचेच्या दारातून शकुंतलाबाई पाहत होत्या. ती स्टुलावर बसली. डब्यातली मऊ खिचडी तिनं त्याला आपल्या हातानं भरवली, घास निववून, सावकाश. तो बोलत होता, ती मान हलवत होती. त्याचं तोंड पदरानं पुसलं. चादर छातीपर्यंत ओढून दिली. अर्ध्या तासात तिचं कुठं काही चुकलं नाही. बाईंनी सुस्कारा टाकला. आपल्या डोक्यातलं खूळ ते, त्या मनाशी म्हणाल्या. चौदा दिवस एकाच पेशंटचा घोर घेतला की असंच होतं.

धुरपदाबाई बाहेर आली. दार आपटू नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी धरून लावलं. काचेतून एकदा आत पाहिलं, आतला माणूस पाहत होता म्हणून त्याच्याकडे बघून थोडं हसली. मग शकुंतलाबाईंच्या अगदी जवळ आली आणि त्याला ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाली,

"जेवनात बिचारा. आते सांगा, बाई, मना मालक कोनती खाटवर शेतस?"